दिराचं नाव काय गं?

प्रिय बाबा,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, मग म्हटलं, राहू दे. इतका राग येऊनही ते खोटं नाहीये, हाच तर सगळा ताप आहे.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आईनं तुमच्या आवडीची अळूची भाजी केली, गाझियाबादहून काका-काकू आले, सगळं नीट पार पडलं. तेव्हा मला पत्रबित्र काही सुचलं नव्हतं. आज लिहितेय, कारण परवा मंगळवारी ऑफिसात मी एका मुलीवर इतकी ओरडले की ती रडायलाच लागली. शिवानी तिचं नाव. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे, फील्डवर्कसाठी आमच्या संस्थेत आलीय, आणि तिची सुपरवायझर मी. हो, तुमची मनवा आता दुसऱ्यांची रेकॉर्डिंग तपासते! पोरीनं पहिलं रेकॉर्डिंग, भेटींचा अहवाल, हातानं लिहून आणलं होतं. वस्तीत कोणाच्या घरी गेली, कोण काय बोललं, सगळं शब्दन्‌शब्द. आणि सगळ्यांची खरी नावं. मी विचारलं, नावं का बदलली नाहीस? तर म्हणाली, "मॅम, ये तो रफ है. फेयर में बदल दूँगी."

बाबा, हे वाक्य माझं आहे. ते मला तुम्ही शिकवलंत, आपल्या डायनिंग टेबलावर, पोहे खाता खाता. बिचाऱ्या शिवानीला काय ठाऊक! मी तिचे कागद तिथल्या तिथे फाडले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

त्याच्या दोन आठवडे आधी मला तुमची फाईल सापडली होती.

आईनं तुमचं कपाट आवरायला सांगितलं होतं. तुम्हाला काही टाकवायचं नाही. कधीच्या काळी बिघडलेल्या मिक्सरची गॅरंटी कार्डं निघाली, माझ्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकाचं प्लास्टिकचं कव्हर निघालं. हसत होते मी, आईला एकेक दाखवत होते. मग खालच्या कप्प्यात ती खाकी फाईल. वर काही लिहिलेलं नाही. उघडली, तर माझंच अक्षर! माझी फील्डवर्कची रफ रेकॉर्डिंग. अकरा. तुम्ही म्हणायचात ना, "रफ इकडे दे, मी फाडतो, असले कागद घरात पडलेले बरे नाहीत"? एकही फाडलं नव्हतंत.

पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? डोळे भरून आले. वाटलं, बघा, लेकीचे कागद जपून ठेवले म्हाताऱ्यानं. तुमच्या हिरव्या पेनच्या खुणा बघून हात फिरवला त्यांच्यावर. मूर्ख मुलगी! मग खुणा कशाखाली आहेत ते बघितलं.

नावांखाली.

रामवीर. खाली हिरवी रेघ, बाजूला समासात 'प्रेस शॉप', म्हणजे फॅक्टरीतला त्याचा विभाग, आणि कामगाराचा टोकन नंबर. मग अजून तीन नावं, तीन टोकन नंबर. चौघांपुढे बरोबरची खूण. तुमच्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात, ज्या अक्षरात तुम्ही माझ्या वह्यांवर नाव घालून द्यायचात.

आठ वर्षं, बाबा. आठ वर्षं मी समजत होते की त्या चौघांना मॅनेजमेंटच्या कोणीतरी माणसानं पकडून दिलं. अच्छा, तसं ते खरंच होतं म्हणा.

तुम्हाला आठवतं, मी एमएसडब्ल्यू करणार म्हटल्यावर आई किती चिडली होती? "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? आणि सेवाच करायची तर घरी भांडी पडलीयेत!" तिला एमबीए हवं होतं, माझ्या सगळ्या मैत्रिणी तेच करत होत्या. तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात. म्हणालात, "अगं, ही सेवा नाही, हा पेशा आहे. डॉक्टर जसा शिकून होतो तसा सोशल वर्करही शिकून होतो. नुसतं मन चांगलं असून भागत नाही." तुम्ही स्वतः एमएसडब्ल्यू. सांगलीहून निघून फरीदाबादला फॅक्टरीत लेबर वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागलात, मग मानेसरला एचआरमध्ये. म्हणायचात, "आमच्या शिक्षणातून दोन रस्ते फुटतात. एक वस्तीत जातो, एक फॅक्टरीत. मी फॅक्टरीत गेलो. तू वस्तीत जा, माझं राहिलेलं कर." मला काय अभिमान वाटला होता त्या वाक्याचा! कॉलेजच्या इंटरव्ह्यूत हेच सांगितलं मी. पॅनेलवरच्या मॅडम हसल्या होत्या, चांगल्या अर्थानं.

प्रवेश परीक्षेची तयारी तुम्हीच करून घेतलीत. ग्रुप डिस्कशनसाठी मला सोफ्यावर बसवून तुम्ही एकटेच पाच जणांचे आवाज काढायचात. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, शेजारी काय म्हणतील!"

आणि फील्डवर्क सुरू झालं तेव्हा दिलेले धडे. ते मी आजही विद्यार्थ्यांना देते, यार, त्याचंच जास्त लागतंय. दारात चप्पल काढायची. खुर्ची देतील, पण जमिनीवर बसायचं. चहा दिला तर नाही म्हणायचं नाही. वही बाहेर काढायची नाही, ऐकायचं, आणि बसमध्ये बसल्यावर आठवून लिहायचं. "ऐकण्यासारखं दुसरं कौशल्य नाही," म्हणायचात. तुमच्याइतकं चांगलं ऐकणारा माणूस मी खरंच पाहिला नाही.

एक धडा वेगळा होता. तुम्ही शाळेपासून माझं पूर्ण नाव लिहायला लावायचात. इथे दिल्लीच्या फॉर्मवर मधल्या नावाला जागाच नसते, तर तुम्ही क्लार्कशी हुज्जत घालून समासात लिहून घ्यायचात, "हमारे यहाँ बाप का नाम बीच में आता है, भाईसाहब." तेच तुम्ही मला म्हणालात, वस्तीत फक्त मनवा सांग. आडनाव सांगू नकोस. आडनावातून जात काढतात लोक, मग मोकळेपणानं बोलत नाहीत. किती पटलं होतं मला! आता कळतंय, तिथल्या माणसांनी खांबेटे हे नाव ऐकलेलं असणार. मानेसरच्या आख्ख्या पट्ट्यात खांबेटे किती असतील हो?

माझी नेमणूक मानेसरजवळच्या एका गावात होती. घरमालकांनी ओळीनं खोल्या बांधलेल्या, वीस खोल्यांना एक नळ, सगळे फॅक्टरीतले लोक. बायकांचा गट चालवायचं काम होतं माझं. पहिले तीन आठवडे कोणी उभं केलं नाही मला. मग कमलेश भेटली. रामवीरची बायको, यूपीतल्या एटाकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. म्हणाली, "दीदी, धूप में क्यों खड़ी हो? अंदर आओ, चाय पियो, फिर पूछ लेना जो पूछना है." त्या दिवसापासून तिची खोली म्हणजे माझं ऑफिस झालं.

तिच्याच खोलीत मी ऐकलं की पुरुष सुट्टीच्या दिवशी जमतात, युनियनचे कागद भरायचं चाललंय. कमलेश घाबरलेली होती. "दीदी, आपसे कह रही हूँ, और किसी से नहीं." रामवीर, त्याचे तीन दोस्त, आणि तिचा दीर. मी बसमध्ये बसून सगळं लिहिलं. शब्दन्‌शब्द, खऱ्या नावानं. कारण तुम्ही म्हणाला होतात, "रफमध्ये खरी नावं लिही, नाहीतर तुझाच गोंधळ उडेल. फेअर करताना बदल." इंग्लिश सुधारून द्यायचात ना तुम्ही, दर रविवारी! मला तुमच्यासमोर कागद ठेवताना वाटायचं, किती नशीबवान आहे मी, वर्गात कोणाच्या वडिलांना रेकॉर्डिंग म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही.

रामवीरच्या कंपनीचं नाव तुमच्या कंपनीचं नव्हतं, म्हणून मला शंकाही आली नाही. तो तुमच्याच मालकाचा दुसरा प्लांट होता, हे मला आता कळलं, त्याच फाईलीत मागे लावलेल्या लेटरहेडवरून. तुम्ही तर रोज तिथल्याच लोकांबरोबर मीटिंगला बसत होतात. समोर लेकीनं लिहिलेलं नाव दिसतंय, आणि तुम्ही काय सांगत होतात मला? "इथे 'सेड' ऐवजी 'शेअर्ड' लिही, बरं वाटतं."

त्या रविवारचं एक वाक्य गेले दोन आठवडे माझ्या कानातून जात नाही. तुम्ही वाचता वाचता थांबलात आणि विचारलंत, "दिराचं नाव काय गं?" मी 'देवर' म्हणत होते तर आधी शब्द दुरुस्त केलात, "मराठीत दीर." मी म्हटलं, "माहीत नाही बाबा, कमलेश 'देवरजी' म्हणते." तुम्ही म्हणालात, "विचारून घे. अपुरं दिसतं." मी म्हटलं, विचारीन. मग इंटर्नल्स आल्या आणि राहून गेलं. कागदावर 'ब्रदर-इन-लॉ' या शब्दाखाली तुमची रेघ आहे आणि समासात प्रश्नचिन्ह. तिथे टोकन नंबर नाही.

तीन आठवड्यांनी रामवीर आणि ते तिघं गेटवर अडवले गेले. 'गेटबंद' म्हणतात तिथे. हजेरीचं कार्ड पंच झालं नाही, गार्डनं नाव विचारलं, यादीत बघितलं आणि बाजूला उभं केलं. आत जायला मिळालं ते फक्त दिराला.

मग काय होणार? तुम्हीच सांगा, तुमचा तर तीस वर्षांचा अनुभव! चौघं बाहेर आणि पाचवा आत. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. खोल्यांसमोर गर्दी जमली, रामवीरनं आपल्या सख्ख्या भावाच्या थोबाडीत मारली, म्हणाला, "मुखबिर." दोन दिवसांत दिरानं ती नोकरी सोडली आणि तो निघून गेला. कमलेश माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझ्या, बाबा! मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

घरी येऊन मी तुमच्यापाशी रडले. आठवतंय? तुम्ही स्वतः आल्याचा चहा केलात. माझ्यासमोर बसून म्हणालात, "प्रोफेशनल अंतर ठेवायला शीक, बाळा. प्रत्येकाचं दुःख घरी आणलंस तर या पेशात दोन वर्षंही टिकणार नाहीस." मी डोळे पुसले आणि मान डोलावली. तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही हो! मी कितीदा आठवून बघितलं, कुठे अडखळलात का, नजर चुकवलीत का. नाही. बशीत ओतून चहा प्यायलात आणि बातम्या लावल्यात.

ते रेकॉर्डिंग माझं सगळ्यात चांगलं ठरलं, हे तर तुम्हाला माहीतच आहे. मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं, नावांच्या जागी आद्याक्षरं असलेलं. माझ्या पहिल्या नोकरीच्या शिफारशीत त्याचा उल्लेख आहे. मी सोशल वर्कर झाले ते त्या कागदावर.

तुम्ही वाईट माणूस होतात असं मला म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण तुमच्या बाराव्याला तो कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आला होता ना, पगडीवाला, तो आईसमोर हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोच्या ऑपरेशनला तुम्ही तीन दिवस दवाखान्यात बसला होतात, म्हणे. आम्हाला तर कधी बोललासुद्धा नाहीत. ते खोटं होतं का? नव्हतं. मग त्याच माणसानं हे कसं केलं? वरून दबाव होता? नोकरी जाईल म्हणून भ्यायलात? असेल. घाबरलो होतो, एवढं म्हणाला असतात तर मी समजून घेतलं असतं, मी शिकलेच आहे ना माणसांचं घाबरणं ऐकायला. पण स्वतःच्या पोरीला न सांगता तिच्या कानांनी ऐकलंत, हे मला कुठे ठेवावं तेच कळत नाही.

आणि कागद ठेवलेत कशाला? फाडायचे होते! टोचत होते म्हणून ठेवलेत, की मिक्सरच्या गॅरंटी कार्डासारखे, नुसतेच राहून गेले? मी कधीतरी शोधीन असं वाटलं होतं का? तसं असेल तर फार स्वस्तात सुटलात, बाबा. एक वाक्य बोलायला सात वर्षं होती तुमच्याकडे.

आईला सांगितलं. आधी आडून विचारलं, "आई, मुखबिरला मराठीत काय म्हणतात गं?"

"खबऱ्या. का?"

मग फाईल तिच्यासमोर ठेवली. तिनं चष्मा लावून सगळी पानं वाचली. मग म्हणाली, "आता हे उकरून काय मिळणारे? माणूस गेला. चार लोकांत त्यांचं नाव जाईल."

"चार लोकांची नोकरी गेली, आई."

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "त्या बाईचं नाव काय म्हणालीस?"

"कमलेश."

ती उठून तुमच्या फोटोसमोर गेली. मला वाटलं, नमस्कार करतेय. तिनं नुसता हार सरळ केला आणि कुकर लावायला गेली. दोन दिवस माझ्याशी फारसं बोलत नाहीये, पण अडवतही नाहीये.

कमलेशला मी सोडलेलं नाही इतक्या वर्षांत. दर दिवाळीला फोन, तिच्या मुलीच्या शाळेचं अॅडमिशन, सगळं. रामवीर आता एका गोदामात काम करतो, पाठ दुखते त्याची. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत. मागल्या वर्षी त्यांची आई गेली तर तेरवीलाही मांडवाच्या दोन टोकांना बसले होते, कमलेशनं सांगितलं. तेव्हा मी तिला काय म्हटलं असेल? "वक़्त लगता है, कमलेश." वा रे सोशल वर्कर!

दीर कुठे आहे माहितीये? त्या वस्तीत विचारत विचारत शोधून काढलं मी. फरीदाबादला. आपल्या सेक्टरपासून रिक्षानं वीस मिनिटं. टायरचं दुकान आहे एका माणसाचं, तिथे पंक्चर काढतो. आठ वर्षं तो माझ्या घराशेजारी राहतोय, न केलेल्या गुन्ह्याचं नाव घेऊन. त्याचा अपराध एवढाच की मी त्याचं नाव विचारायला विसरले.

काल कमलेशला फोन केला. म्हटलं, रविवारी येऊ का?

"लो, ये भी कोई पूछने की बात है! कढ़ी बनाऊँगी. दीदी, आपकी आवाज़ क्यों बैठी है?"

मी म्हटलं, रामवीर भैयालाही घरी थांबायला सांग. आणि मी सोहनला घेऊन येईन.

ती हळूच म्हणाली, "ये नाम इस घर में कोई नहीं लेता, दीदी. आपको तो मालूम है."

"मैं लूँगी," मी म्हटलं. ती माझ्यासाठी कढी करून ठेवणार आहे, बाबा. ती खाऊन सांगू की सांगून खाऊ? सांगून. नंतर वाढलीच तर खाईन.

ती मला दारातून हाकलेल, कदाचित. रामवीर हात उगारेल. त्याचा हक्क आहे. सोमवारी मी आमच्या संस्थेतही सांगणार आहे. माझ्याकडून विद्यार्थी काढून घेतील, नोकरीचंही सांगता येत नाही. शिवानीची माफी मात्र आजच मागितली. तिला म्हटलं, रफ आणि फेअर असं काही नसतं. माणसानं आपल्याला सांगितलं, तिथूनच ते फेअर असतं. ती म्हणाली, "ओके मॅम," आणि वहीत लिहून घेतलं. कळलं असेल का तिला, देव जाणे.

तर बाबा, माझा शब्द ऐका. शनिवारी सकाळी मी टायरच्या दुकानात जाणार आहे. चप्पल काढायला तिथे दार नसेल, पण जमिनीवर बसेन. रविवारी, तो आला तर त्याला घेऊन, नाही आला तर एकटी, कमलेशच्या खोलीत जाईन. फाईल बरोबर नेईन, अकराच्या अकरा कागद, हिरव्या रेघांसकट. आणि आधी माझं पूर्ण नाव सांगेन, तुम्ही क्लार्कशी भांडून लिहायला लावायचात तसं. मधे तुम्ही आहात, तुम्हाला मी गाळणार नाही. तुमचा तेवढा मान ठेवीन आणि तेवढाच सूडही घेईन, दुसरं काही मला जमत नाही.

आणि तुम्ही विचारलं होतंत ना, दिराचं नाव काय गं? उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

सोहन. त्याचं नाव सोहन आहे, बाबा. त्यानं काहीही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी.

तुमचीच,
मनवा श्रीधर खांबेटे